कोपर

चौथ्या रेल्वे गेटापलीकडे, अनगोळात,
लुमाण्णाच्या गच्चीवर आम्ही यंत्र चढवलं.
चार माणसं, दोन दोर,
आणि खालून लुमाण्णा:
"हळू रे पोरांनो, ते काय मोल्डिंगचं डबडं न्हवं."

तीस वर्षं उद्यमबागेतल्या फौंड्रीत
वितळलेलं लोखंड ओतलेला माणूस.
भुवया अजून नीट उगवत नाहीत त्याच्या.
उष्णता म्हणजे काय, हे त्याला मी सांगावं?
तरी सांगितलं:
हे काही जाळत नाही.
वाऱ्यातली ऊब गोळा करतं,
दाबतं,
पाण्याला देऊन टाकतं.
"जांबोटीकडनं येणाऱ्या ह्या वाऱ्यातली?"
मफलर कानावर ओढत तो म्हणाला.
थोडी असते, म्हटलं. पण असते.
"मग माझ्या गुडघ्यास्नी कशी गावत न्हाई ती?"

घरात बाळंतीण. धाकटी लेक, वैजू.
बाळ बावीस दिवसांचं.
आणि रोज सातला न्हाऊ घालायला येणारी
अलारवाडची गंगव्वा.
मराठी तिला येते,
पाण्याशी मात्र ती कन्नडातच बोलते.

आकडा पंचावन्न. मी बोट ठेवून दाखवला.
चष्मा आणला नाही, म्हणाली.
बादलीत कोपर बुडवलं,
छताकडे बघत थांबली,
जसं कुणी दाराबाहेरचं पाऊल ओळखतं.
"बिसी सालंगिल्ल."
पुरत नाही.
आकडा माझा होता, कोपर तिचं.
मी तो साठावर नेला.

न्हाणीमागं तांब्याचा बंब उभा होता,
काळा, पोटाला पोचे आलेला,
मोडीत द्यायचा ठरलेला.
खडेबाजारातून काटेवाला शनिवारी येणार होता.

शुक्रवारी पहाटे लाईट गेली.
थंडी नऊवर.
लुमाण्णाचा फोन आला तेव्हा मी अंथरुणात होतो;
पोचलो तेव्हा बोटांना ब्रेक कळत नव्हता.
वर गच्चीवर पंखा गप्प.
कंपनीच्या पुस्तकात हायब्रीड म्हणजे
एक वारा, एक कॉइल.
दोन्ही एकाच तारेला लटकलेले,
हे पुस्तकात नव्हतं.

यल्लूबाईनं मला विचारलंही नाही.
बंबात चिपाडं पेटली होती,
वर फौंड्रीतल्या जुन्या पॅटर्नची फळकुटं,
कुठल्याशा पंपाच्या अर्ध्या पोटाचा आकार
जळत जळत सपाट होत होता.
पण बंब लहान, आणि ती
टाकीतलं कोमट पाणी बादलीनं आणून त्यात ओतत होती,
खेप, परत खेप.

मी मोजलं.
टाकीपासून बंबापर्यंत सात फूट.
एक पाईप, एक व्हॉल्व्ह, दोन एल्बो.
पिशवीत एल्बो एकच.

लुमाण्णा आत गेला,
बिस्किटाचा डबा खडखडवत आला,
खिळे, वायसर, एक तुटका टॅप,
आणि तळाशी बिडाचा एक एल्बो, पाऊण इंची.
"ह्यो मी वतलेला," म्हणाला,
"पहिल्या महिन्यातला. साहेबानं नापास केलेला."
आटे बसेनात. मी दोरा गुंडाळला, पांढरं लावलं,
पाना त्याच्याच हातात दिला.
बसला.
थोडा गळतो अजून.

वाऱ्यानं रात्रभर कोमट केलेलं पाणी
आता आपणच उतरून चिपाडांकडे जातं.
हमीच्या कागदावर लिहिलंय,
बाहेरचा जोड केल्यास हमी रद्द.
सही माझीच आहे.

गंगव्वानं कोपर बुडवलं.
काही बोलली नाही.
ओतायला लागली.
बाळ रडलं, मग रडायचं विसरलं.

शनिवारी काटेवाला आला, चहा पिऊन गेला.
लाईट आली होती, पंखा फिरत होता.
गंगव्वा जाता जाता गच्चीवर चढली,
गुडघ्यांवर हात ठेवत, पायरी पायरीनं.
ऊब काढून घेतल्यावर वाऱ्याचं काय करता,
तिला एवढंच बघायचं होतं.
मी यंत्राच्या तोंडासमोर नेलं.
तिथं यल्लूबाईनं कोथिंबिरीची पाटी ठेवलेली,
टवटवीत.
गंगव्वानं हात पुढे केला,
तळवा नव्हे, कोपर.
"चळी," म्हणाली,
आणि पदर घट्ट ओढून
एक जुडी उचलून घेऊन गेली.